दोराभर आखूड

४ मार्च

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन करून काही उपयोग नाही हे मागच्या वेळी कळलं. मी "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तू "गुरुवारी" म्हणालीस. दादाने आणलेलं ते कानातलं यंत्र तू वाटाण्यासारखं टोचतं म्हणून डब्यात ठेवून दिलंस, असंही कळलं. तेव्हा लिहितेच.

माझ्या गळ्यात एक पोपटाचं पिल्लू पडलंय. आमच्या लाँड्रीला लागून पक्षी विकणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्याकडच्या पिल्लांत एकाचा उजवा पंजा जन्मतःच आत वळलेला निघाला. चारही बोटं मुठीसारखी मिटलेली, आणि त्या मुठीवर टेकून ते चालतं. "हे कोण घेणार? खायला घालून मोठं करायचं कशाला?" असं तो मला सहज बोलावं तसं म्हणाला. मी इस्त्रीचे गरम टॉवेल गाड्यावर रचत होते. त्यातलाच एक घेतला आणि पिल्लू त्यात गुंडाळून घरी आणलं. मुकादमाने टॉवेलवरून खूप आरडाओरडा केला. पिल्लूही भूक लागली की अगदी तसंच ओरडतं, म्हणून त्याचं नाव मुकादमच ठेवलंय.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हाडं अजून कोवळी आहेत. बोटं पसरून एखाद्या सपाट तळव्यावर बांधून ठेवली तर पाय सरळ होईल. पण आताच. एकदा हाडं घट्ट झाली की जन्मभर मूठ. मग त्याला फांदी पकडता येणार नाही, आणि फांदी पकडता येत नाही तो पोपट जमिनीवरच राहतो. त्यांनी पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून दिली होती, ती त्याने संध्याकाळपर्यंत कुरतडून खाल्ली.

तू जन्मभर वाकड्या पायांचे बूट केलेस. एवढ्याशा पायाचा करशील? आतोबा गेल्यापासून तू हत्यारांना हात लावला नाहीस हे माहीत आहे. पण मला दुसरं कुणी सुचत नाही.

बारकी

९ मार्च

बारके,

तुला नवरा बघ म्हटलं तर तू पोपट बघितलास. असो.

आधी खोक्यातला कागद काढून टाक. गुळगुळीत कागदावर पाय घसरतो आणि दुसराही बिघडतो. तळाला जाड टॉवेल घाल, म्हणजे त्याला धरायला मिळेल. मुकादमाला काय ओरडायचं ते ओरडू दे, दोन्ही मुकादमांना.

बूट करीन असं म्हणत नाही. हात थरथरतात. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते आणि ती ओवता ओवता उसासा टाकते. कारखाना बंद झाला तेव्हाच माझं संपलं. आता हॉस्पिटलात बूट खोक्यातून तयार येतात, सगळ्यांना एकाच वळणाचे. तुझे आतोबा असते तर त्यांनी पिल्लाच्या पंजाचा लाकडी साचासुद्धा कोरून दिला असता, वर तो मलाच कसा जमला नसता हेही ऐकवलं असतं.

तरी माप पाठवून ठेव. पंजा कागदावर दाबून बोटं पसर आणि कडेने पेन्सिल फिरव. घोट्याला मेणदोरा गुंडाळ, टोकं भेटतील तिथे गाठ मार आणि दोरा तसाच पाठव. आकडे नकोत. आकड्यांत लोक खोटं बोलतात, दोरा बोलत नाही.

आत्या

१४ मार्च

आत्या,

कागद आणि दोरा सोबत आहे. बोटं पसरताना मुकादमाने माझ्या अंगठ्याचा लचका तोडला, म्हणून कागदावर एक डाग दिसेल. तो पायाचा भाग नाही. तो कापू नकोस.

दोरा गुंडाळताना शाळेच्या सुट्ट्या आठवल्या. मी तुझ्या कारखान्यात बाकाखाली बसायचे आणि तू वरून नुसता हात खाली करायचीस, मी त्यात दोरा द्यायचे. किती पायांचे दोरे मोजले असतील! हात विसरलेला नाही.

टॉवेल घातलाय. आता त्याला पिसांच्या काड्या फुटल्यात, सगळं अंग हिरव्या काट्यांचं दिसतं. नळीने भरवताना गळ्याखालची पिशवी टम्म फुगते आणि मग तो माझ्या तळहातावर मान टाकून झोपतो. कामावरून आल्यावर जिना चढताना त्याचा आवाज ऐकू येतो. या खोलीत माझी कुणी वाट बघतंय, असं आजवर झालं नव्हतं. म्हणून तू लवकर ठरव. डॉक्टर भेटले की एकच वाक्य म्हणतात, "उशीर होतोय."

बारकी

२४ मार्च

बारके,

सोबत डबीत बूट आहे. बूट कसला, हाताच्या नखावर राहील एवढी चप्पल. खाली पातळ कडक कातडं, वर दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा, बोटांसाठी चार फासे आणि घोट्याला पट्टा. तीन वेळा कापला, दोन वेळा फेकला. तिसऱ्यांदा हात थांबला. खरंच थांबला, बारके. थरथर कुठे गेली कुणास ठाऊक. सून दारात उभी राहून बघत होती आणि उसासा टाकायला विसरली.

पट्टा नेहमीसारखा दोराभर, दोऱ्याच्या जाडीएवढा, आखूड कापलाय. कातडं अंगाच्या उबेने आणि घामाने सैल होतं, हे तुला सांगायला नको. भोक एकच ठेवलंय. दोन ठेवली की आया माया करतात आणि सैल बांधतात. पहिले काही दिवस तो किंचाळेल, तोंड पाडेल. पोरंही हेच करतात. रडला तरी काढू नकोस. आईला पाझर फुटला म्हणून वाकडे राहिलेले पाय मी फार पाहिलेत.

कसा बसला ते लगेच कळव. मी टपालवाल्याची वाट बघत खिडकीत बसणार आहे. या वयात शोभत नाही, पण बसणार आहे.

आत्या

६ एप्रिल

दादा,

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नेऊन तुझ्या आईच्या हाती पडू देऊ नकोस. फोन केला असता, पण रडू आवरलं नसतं आणि तू लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात लोंबकळत असताना मी रडत बसणं बरं नव्हे.

आत्याचा बूट आला त्याच दिवशी घातला. पट्टा कसाबसा भोकापर्यंत पोचला. मला वाटलं, असाच घट्ट असायचा. आत्याचं माप चुकत नाही. मुकादम किंचाळला, मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी किंचाळला, काढला नाही. मग गप्प झाला. मला वाटलं, सवय झाली. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

बोटांवर नमदा होता, त्यामुळे रंग दिसत नव्हता. डॉक्टरांकडे दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी पट्टा कात्रीने कापला. पंजा काळा पडला होता, वाळलेल्या देठासारखा. रक्त पोचतच नव्हतं. तो पंजा काढून टाकावा लागला.

आता तो टॉवेलवर एका पायावर उभा राहतो आणि कलंडतो. उभा राहतो, कलंडतो. माझ्याकडे बघून तोंड मात्र अजून उघडतो, भरवणारी मीच ना.

दादा, आत्याला काय सांगू? तिची दोन पत्रं येऊन पडलीत, "कसा बसला?" एवढंच विचारणारी.

बारकी

११ एप्रिल

बारके,

वाईट झालं. पण नीट ऐक.

बाबा गेल्यावर आई दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवायला वाढलं की जेवायची, उचललं की उठायची. तुझा दोरा आला त्या दिवशी तिने माळ्यावरची पेटी काढायला लावली. आता सकाळी माझ्या आधी उठते. आरी, हातोडी, कातडं सगळं खिडकीत मांडलंय. परवा माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "टाच बाहेरून झिजवतोस, इकडे आण." मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

तिला कळलं की आपल्या हाताने त्या जिवाचा पाय गेला, तर ती पेटी बंद करील आणि परत उघडणार नाही. पोपटाचा पाय तर काही परत येत नाही. तू लिही, "छान बसला." दोन शब्द आहेत. तिला काही तिथवर येऊन बघायचं नाही.

माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी लिही.

दादा

१५ एप्रिल

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. लाँड्रीत दोन रोलर बंद पडले होते आणि चादरींचे डोंगर हाताने उपसावे लागले.

बूट छान बसला. पट्टा अगदी मापात. पहिले दिवस मुकादम खूप ओरडला, पण तू लिहिलं होतंस म्हणून मी काढला नाही. डॉक्टरांनी बघितला तेव्हा काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले. आता बूट काढलाय. काल त्याने पहिल्यांदा काठी पकडली. दोन बोटं पुढे, दोन मागे. तो आता खूप शांत झालाय.

तुझा हात अजून तोच आहे.

बारकी

२७ एप्रिल

बारके,

तुझं पत्र मी टपालवाल्यासमोरच फोडलं आणि त्यालाही वाचून दाखवलं. तो बिचारा, "बरं, बरं" म्हणाला आणि पळाला. सुनेला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "आई, कालच वाचलंत." मग काय झालं?

खरं सांगते, मला वाटलं होतं सगळं गेलं. तुझे आतोबा गेले तेव्हा वाटलं, आता माझ्या हातांचा या जगात कुणाला उपयोग नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि दिवस मावळायची वाट बघायची. तू दोरा पाठवलास. माझ्यावर किती मोठे उपकार केलेस ते तुला कळायचं नाही.

आता ऐक. आमच्या वरच्या मजल्यावर एक शिंपीण राहायला आलीय. तिच्या मुलीचा डावा पाय आत वळतो, चालताना पायात पाय अडकतो. हॉस्पिटलातून मिळालेला खोक्यातला बूट तिला होतच नाही, टाच निसटते. मी तिच्यासाठी बूट करतेय! पायाचं माप घेतलं, कातडं भिजत घातलंय. शिंपीण घाबरत होती. मी तिला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, नखाएवढ्या पायाला बसला, तर हिला का नाही बसणार?

भोक एकच ठेवणार आहे. आईला बजावून ठेवलंय, पोरगी रडली तरी काढायचा नाही.

मुकादमाला माझ्याकडून एक शेंगदाणा.

आत्या

२ मे

आत्या,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. आधी हे कर. वर जा, त्या मुलीचा बूट काढ आणि तिची बोटं बघ. मग बाकीचं वाच.

बूट छान बसला नव्हता. मी खोटं लिहिलं.

मुकादमाचा पंजा गेला. पट्टा आवळून बसला, खाली रक्त पोचलं नाही. तो किंचाळत होता आणि मी तुझं पत्र समोर ठेवून बसले होते, रडला तरी काढायचा नाही. तो शांत झालाय असं लिहिलं, ते पाय बरा झाला म्हणून नाही. काठी पकडली, दोन बोटं पुढे, दोन मागे, ते सगळं मी माझ्या मनाने लिहिलं. दुसऱ्या पायाचं बघून लिहिलं.

तुझ्या मापात चूक नव्हती, माझ्या दोऱ्यात होती. दोऱ्याला गाठ मारताना मी ती मुद्दाम दोराभर आत मारली होती. बाकाखाली बसून मी हजार वेळा ऐकलं होतं, "कातडं सैल होतं, आखूड धर." मला वाटलं, आत्याचे डोळे थकलेत, तिचं तेवढं काम आपण करून ठेवू. मोठी शहाणी! मग तुझं पत्र आलं, त्यात लिहिलेलं की तू दोराभर आखूड कापलंयस. तिथे माझ्या मनात लख्ख आलं होतं, की हे दोनदा झालं. पण मी स्वतःलाच समजावलं, आत्याला गाठ बघून कळलं असेल, तिला सगळं कळतं. आणि पक्ष्याच्या पायाला घाम येत नाही, आत्या. डॉक्टरांनी सांगितलं. ते कातडं कधी सैल झालंच नसतं.

खोटं का लिहिलं, तर तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू नयेस म्हणून. तुझं मागचं पत्र आल्यावर दादाला फोन केला. तो म्हणाला, "पोपट वेगळा, पोरगी वेगळी, गप्प बस." दोन दिवस गप्प बसलेही. पण काल चादरींच्या घड्या घालताना ती मुलगी रडतेय आणि तिची आई माझं पत्र समोर ठेवून बसलीय, असं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. माझं पत्र, आत्या! मुकादम ओरडला तरी ऐकू आला नाही.

तू मला काहीही बोल. पण आधी बूट काढ.

बारकी

२० मे

बारके,

तुझं पत्र आलं तेव्हा सून बाजारात गेली होती, म्हणून ते माझ्याच हाती पडलं. पहिली ओळ वाचली आणि तशीच अनवाणी वर गेले. जिना चढताना श्वास लागला, दोनदा कठड्याला धरून बसले. मुलगी जमिनीवर बसून चिंध्यांशी खेळत होती. मी तिच्या पायातला बूट ओढून काढला. ती भ्यायली आणि रडायला लागली.

पायावर वळ नव्हता. बोटं ऊबदार होती. दाबून सोडली की रंग परत येत होता. मी त्या पोरीची बोटं इतका वेळ दाबत होते की शेवटी तिच्या आईने माझा हात बाजूला केला. बूट नीट होता. दोरा मीच गुंडाळला होता, गाठ मीच मारली होती, आखूडही एकदाच धरलं होतं. शिंपीण म्हणाली, "आत्याबाई, टाच आता निसटत नाही. छान बसतो."

तरी मी तो बूट घेऊन खाली आले.

मुकादमाचं सगळं मी तुझ्या एकटीच्या पदरात घालत नाही. तू दोराभर घेतलंस, मी दोराभर घेतलं. दोघी एकमेकींची कामं करायला गेलो आणि त्याचा पाय गेला. गाठ कुठे मारलीस हे मी विचारायला हवं होतं. नव्या माणसाला विचारलं असतं. तुला विचारलं नाही, कारण तू माझ्या हाताखालची. रडला तरी काढू नकोस, हेही माझंच. पोराला निदान आईला तोंडाने सांगता येतं. ते त्या जिवाला जमणार नाही, हे माझ्या मनात आलं नाही.

उरलेल्या पायाला जप. सगळा भार एकाच तळव्यावर पडला की तिथे जखम होते. काठीला टॉवेलची जाड पट्टी गुंडाळ आणि रोज बदल. आखूड पायाच्या बाजूला काठी थोडी उंच बांध, म्हणजे त्याला टेकता येईल. हे मी सांगितलं म्हणून करू नकोस. डॉक्टरांना विचारून कर.

आता खोट्याचं. तू कशासाठी लिहिलंस ते कळलं. दादाने लिहायला लावलं, हेही तू लिहिलं नाहीस तरी कळलं. त्याने कबूल केलं आणि जेवला नाही. मला तुम्हा दोघांचा राग येत नाही, आला असता तर बरं झालं असतं.

कारखान्यात मला रडणाऱ्यांची भीती कधी वाटली नाही. मुकाट घालून "छान बसला" म्हणणाऱ्यांची वाटायची. तशांना मी पुन्हा बसवायचे, पुन्हा चालायला लावायचे. तेव्हा डोळे होते, माझं मला दिसायचं. आता भिंगातूनही टाका धड दिसत नाही. हात चालतोय की नाही, हे मला दुसऱ्याने सांगावं लागतं. ते सांगणारी तू होतीस. सून म्हणते, हात छान आहे. दादा म्हणतो, आई, तुझी चूक नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. कोण खरं बोलतंय आणि कोण म्हातारीची समजूत काढतंय, मला ओळखू येत नाही. पेटी अजून माळ्यावर टाकलेली नाही. उघडतही नाही.

शिंपीण रोज संध्याकाळी बूट मागायला येते. मुलगी तिच्यामागे उभी असते, पाय आत वळवून. बूट कपाटात आहे. तो चांगला आहे असं मला वाटतं. हिची हाडंही फार दिवस कोवळी राहायची नाहीत. रोज मी तिला उद्या ये म्हणते.

तिला काय सांगू, ते तू लिही.

आत्या